जपानला जाऊनही जपानी का बोललं जात नव्हतं? एका वर्षाचा प्रकरण अभ्यास

पुण्यातून दर वर्षी मुलं जपानी शिकायला जपानला जातात. परत आली की भेटायला येतात, हातात तिकडच्या खाऊचा डबा असतो, आणि "कसं गेलं वर्ष?" असं विचारलं की "मस्त गेलं, सेन्सेई" एवढंच सांगतात. (आमच्याकडे जपानी शिकवणाऱ्याला विद्यार्थी सर किंवा मॅडम म्हणत नाहीत, सगळे सेन्सेईच म्हणतात.) त्या 'मस्त'च्या पोटात काय काय दडलेलं असतं ते क्वचितच कळतं. एका विद्यार्थिनीचं मात्र मला सगळं कळत गेलं, कारण जाऊन तिसरा महिना संपायच्या आत तिचा रडत फोन आला आणि तिथून आम्ही दोघी मिळून तिच्या वर्षाचा हिशेब मांडत राहिलो. तिच्या परवानगीने तो इथे लिहिते आहे. तिचं नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत.

जाण्याआधी

ती बी.ए. जपानीच्या वर्गातली. वडील भोसरीला एका कारखान्यात सुपरवायझर, आई घरी दहावीच्या शिकवण्या घेते. मराठी माध्यमात शिकलेली, आणि मला वाटतं त्याचा तिला फायदाच झाला. मराठी माणसाला जपानी वाक्याची ठेवण परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी येतं, नामाच्या मागून प्रत्ययासारखे शब्द लागतात, 'मला समजतं', 'मला येतं' यासारखी वाक्यं तिकडेही आहेत. त्याहून गंमत जोडक्रियापदांची. आपण 'खाऊन बघ' म्हणतो, जपानीत 'ताबेते मिरु', आणि त्यातलं 'मिरु' म्हणजे बघणंच. आपण 'लिहून ठेव' म्हणतो, तिकडे 'काइते ओकु', आणि 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'खाऊन टाकलं'च्या अगदी जवळ जाणारं 'ताबेते शिमात्ता' आहे. हे धडे इंग्रजी पुस्तकांतून शिकवले की मुलं डोकं धरून बसतात. मराठीतून सांगितले की अर्ध्या तासात पदरात पडतात. उच्चारांचंही तसंच. 'त्सु' हा ध्वनी अनेकांना जड जातो, पण 'चुलत'मधला 'चु' ज्याच्या जिभेवर आहे त्याला तो शिकवावा लागत नाही.

ती भराभर शिकली. डिसेंबर २०२२ मध्ये जपानी भाषा प्राविण्य परीक्षेची एन-२ पातळी पास झाली. १८० पैकी ९० ला पास, हिला १३१ मिळाले. ऐकण्याच्या विभागात ६० पैकी ४६. परीक्षेच्या पाच पातळ्या आहेत, एन-५ सगळ्यांत सोपी आणि एन-१ सगळ्यांत अवघड, त्यामुळे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला एन-२ म्हणजे आमच्या वर्गात कौतुकाची गोष्ट. मात्र ही परीक्षा पूर्णपणे पर्यायांची आहे. दिलेल्या पर्यायांतला एक गोल काळा करायचा. त्यात एकही वाक्य बोलावं लागत नाही की लिहावं लागत नाही.

पुढच्या वर्षी तिने जपान सरकारच्या मेक्स्ट (म्हणजे तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या) शिष्यवृत्तीला अर्ज केला. या शिष्यवृत्तीचे अनेक प्रकार आहेत. त्यातला एक खास आमच्या मुलांसाठी आहे : परदेशी विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन शिकणाऱ्यांनी सुमारे वर्षभर जपानी विद्यापीठात जायचं आणि परत येऊन आपली पदवी पुरी करायची. यांना 'निक्केनसेई' म्हणतात. वकिलातीमार्फत अर्ज, जपानीची लेखी परीक्षा, मग मुलाखत. निवड झाली की शिक्षणशुल्क नाही, जाण्यायेण्याचं विमानभाडं मिळतं आणि खर्चाला, तिच्या वेळी, दरमहा १,१७,००० येन. आपल्याकडे तेव्हा ते साठ-पासष्ट हजार रुपये व्हायचे. लहान शहरात, विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचं त्यात व्यवस्थित भागतं. पहिला हप्ता हातात पडायला वेळ लागतो म्हणून सुरुवातीला सुमारे २,००० डॉलर जवळ ठेवा असं सांगितलेलं असतं. तिच्या वडिलांनी त्यासाठी आवर्ती ठेव मोडली.

तिला ओकायामा शहर मिळालं तेव्हा मला विशेष आनंद झाला. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर बांधलेलं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही तिथे नेतोच. तिथल्या तळ्याकाठी बसून आयुष्यातली पहिली पाच जपानी वाक्यं बोललेली मुलगी आता मूळ बागेच्या गावी निघाली होती.

वडिलांना एकच चिंता होती. इथल्या विद्यापीठाने वर्षभराची परवानगी दिली होती, पण तिकडे केलेले विषय इथे धरले जाणार नाहीत असं स्पष्ट कळवलं होतं. म्हणजे परत येऊन तिसरं वर्ष नव्याने. "मॅडम, एक वर्ष मागे पडेल ना ती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वर्षभर तिथे राहिली की भाषा आपोआप तोंडात बसेल. त्या एका वर्षाची किंमत इथल्या तीन वर्षांएवढी आहे." हे मी अगदी खात्रीने सांगितलं होतं. त्यातला 'आपोआप' हा शब्द पुढे मला फार छळत राहिला.

ऑक्टोबर ते डिसेंबर

ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात ती पोचली. विमानतळावरच निवासी कार्ड मिळालं. चौदा दिवसांच्या आत शहर कार्यालयात पत्त्याची नोंद, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन योजनेतून विद्यार्थी म्हणून सूट, बँकेत खातं, फोन. ही सगळी कामं विद्यापीठाने नेमून दिलेल्या जपानी विद्यार्थिनीने, म्हणजे तिच्या 'ट्यूटर'ने, सोबत फिरून करून दिली. कचऱ्याचे वार पाठ झाले. पातळी-चाचणीत तिला वरच्या मध्यम वर्गात घातलं. तिचे फोटो यायचे : कोराकुएनची हिरवळ, काळ्या भिंतींचा किल्ला, सायकल. मी निर्धास्त होते.

डिसेंबरच्या मध्यावर, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ आणि तिकडे बारा वाजलेले असताना, फोन आला.

"सेन्सेई, मला इथे कुणाशी जपानीत बोलताच येत नाहीये."

मी म्हटलं, "अगं, वर्गात तर तू वरच्या..."

"वर्गात येतं. वर्गाबाहेर नाही. कुणी बोलतच नाही माझ्याशी जपानीत. मी पुण्यात जास्त बोलत होते."

धीर देऊन फोन ठेवता आला असता. पण 'पुण्यात जास्त बोलत होते' हे मनाला टोचलं. मी तिला एक काम दिलं. सात दिवस वही ठेवायची. वर्गाबाहेर जपानीतून किती मिनिटं बोललीस, कुणाशी आणि काय, एवढंच लिहायचं.

आठवड्याने वहीचे फोटो आले. सात दिवसांची बेरीज ३८ मिनिटं. त्यातली एकोणीस ट्यूटरबरोबर, पण तिथेही समोर शेरा होता : 'नंतर इंग्रजी'. दहा मिनिटं विद्यापीठाच्या कार्यालयात. या शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना दर महिन्याला हजर राहून सही करावी लागते, ती करायला ती गेली होती. उरलेली सगळी दुकानात : 'पिशवी नको', 'ठीक आहे', 'धन्यवाद'. याउलट वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोज दीड तास हिंदी आणि इंग्रजी, कारण त्या मजल्यावर नेपाळी, बांगलादेशी आणि दोन भारतीय मुली होत्या. आणि रोज रात्री तासभर आईशी मराठी.

यात तिचा आळस नव्हता. ती रोज चार तास अभ्यास करत होती. वर्गात सगळे परदेशी, वसतिगृहात सगळे परदेशी. जपानी विद्यार्थी भेटायचे ते आंतरराष्ट्रीय गप्पांच्या कार्यक्रमात, आणि तिथे येणाऱ्यांना इंग्रजीचा सराव हवा असायचा. परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेली सगळी सोय मिळून त्यांच्याभोवती एक कुंपण तयार होतं, आणि आतल्याला ते दिसत नाही, कारण आत सगळे मदतीलाच उभे असतात.

हुंकार

पण कुंपणाने सगळा उलगडा होत नव्हता. ट्यूटर जपानीतून सुरुवात करायची आणि पाच मिनिटांत इंग्रजीवर यायची, ते का? तिला सगळं समजत होतं. ४६ गुण उगाच मिळाले नव्हते.

मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी ट्यूटरला विचारून तुमच्या गप्पा फोनवर ध्वनिमुद्रित कर आणि मला पाठव. अकरा मिनिटांची फाइल आली. मी ती रात्री दोनदा ऐकली, आणि दुसऱ्यांदा ऐकताना उठून बसले. ट्यूटर बोलत होती, आणि माझी विद्यार्थिनी गप्प होती. अगदी शांतपणे, मन लावून, मोठ्यांचं ऐकावं तशी ऐकत होती. वाक्य पुरं झालं की नीट उत्तर देत होती. पण ट्यूटरच्या वाक्याच्या मध्ये जिथे जिथे 'ने' (आपल्या 'ना'सारखं) येत होतं, आवाज किंचित चढून थांबत होता, तिथे समोरून काहीच येत नव्हतं. चौथ्या मिनिटाला ट्यूटरचा वेग कमी झाला. पाचव्याला तिने तेच वाक्य सोपं करून पुन्हा सांगितलं. सहाव्याला ती इंग्रजीवर आली.

जपानीत याला 'आइझुची' म्हणतात. ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये 'एए', 'हाई', 'हेऽ', 'नारुहोदो', 'सोऽ देसु का' म्हणत राहायचं. बोलणारा त्यासाठी जागा सोडतो, आणि ती जागा रिकामी राहिली की त्याला वाटतं, हिला कळत नाहीये. म्हणून तो सोपं करतो, मग भाषा बदलतो. हा निव्वळ चांगुलपणा असतो. तिच्या शांत ऐकण्याचा, म्हणजे तिच्या आदराचाच, तिकडे अर्थ लागत होता 'कळलं नाही' असा.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. दुसऱ्या वर्षाला मी ते एका तासात शिकवतेही. पण आमचा वर्ग कसा चालतो? मी बोलते, मुलं ऐकतात, मी 'वाकारिमाशिता का?', म्हणजे 'कळलं का?', विचारते आणि तीस जण एका सुरात 'हाई', म्हणजे 'हो', म्हणतात. तीन वर्षं आम्ही त्यांना गप्प बसून ऐकायलाच शिकवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि विचारलं, "लहानपणी गोष्टी कोण सांगायचं तुला?"

"आजी."

"गोष्ट ऐकताना तू काय करायचीस?"

ती क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, "हं हं करायचे. आजी म्हणायची, हुंकार दे गं, नाहीतर गोष्ट झोपली."

आइझुचीला मराठीत इतका नेमका शब्द असताना मी तो कधी वर्गात वापरला नव्हता. तेवढा एक शब्द तिला पुरला. पंधरा दिवसांनी तिने दुसरी फाइल पाठवली. हुंकार थोडे जास्तच होते, काही चुकीच्या जागी होते, पण चौदा मिनिटांत ट्यूटरने इंग्रजी काढली नाही.

दात

जानेवारीत अक्कलदाढ सुजली. आरोग्य विम्यामुळे खर्चाचे ३० टक्केच भरावे लागणार होते, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. ती एकटी दवाखान्यात गेली. दंतवैद्याने विचारलं, "झुकीझुकी होतंय का? की थंड लागल्यावर शिमिरु होतंय?" एन-२ झालेल्या मुलीला यातला एकही शब्द कळेना. ती फक्त 'इताई देसु' म्हणत राहिली, म्हणजे 'दुखतंय'. शेवटी वैद्यांनी गालावर बोट ठेवून नाडीसारखं उडवून दाखवलं, तेव्हा तिच्या तोंडून मोठ्याने मराठीत निघालं, "हां, ठसठस!"

त्या रात्री तिने यादी सुरू केली. झुकीझुकी : ठसठस. हिरीहिरी : चुरचुर. चिकुचिकु : टोचल्यासारखं. गानगान : डोकं घणघणणं. शिमिरु : थंड लागून दातातून कळ जाणं. जपानीत असे शेकडो शब्द आहेत, लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे ते दिवसभर वापरतात, आणि परीक्षेच्या तयारीत ते कसेबसे डझनभर येतात. मराठी माणसाला ते शिकवणं किती सोपं आहे! आपल्याकडे खुसखुशीत आहे, कुरकुरीत आहे, झिणझिण्या आहेत. आम्ही मात्र ते शब्द 'कठीण' म्हणून परिशिष्टात ढकलतो.

दुकान

फेब्रुवारी-मार्चला विद्यापीठाला लांब सुट्टी असते. गावातल्या सार्वजनिक सभागृहात शनिवारी परदेशी लोकांसाठी स्वयंसेवकांचा जपानीचा वर्ग भरायचा. तिथल्या एका आजींनी विचारलं, माझ्या ओळखीच्या सोझाइच्या दुकानात मदत हवी आहे, येतेस का? सोझाइ म्हणजे घरच्यासारखे तयार पदार्थ. कोरोक्के (तळलेलं कटलेट), बटाट्याचं सॅलड, मुळं-भाज्या शिजवून केलेलं निमोनो, लोक संध्याकाळी डब्यात घेऊन जातात. आपल्या पोळीभाजी केंद्राची बहीण.

विद्यार्थी व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी लागते. ती निवासी कार्डाच्या मागे छापलेली असते. आठवड्याला २८ तासांची मर्यादा, लांब सुट्टीत दिवसाला ८ तास. तिने मार्गदर्शक प्राध्यापकांना आधी विचारलं. त्यांनी एकच अट घातली : अभ्यासक्रम सुरू झाल्यावर आठवड्याला दोनदा, प्रत्येकी चार तास, त्याहून जास्त नाही. पैशांची तिला गरज नव्हती, आणि मला तो या प्रकरणातला फार महत्त्वाचा भाग वाटतो. स्वतःच्या खर्चाने भाषाशाळेत जाणारी कित्येक मुलं २८ तास काम करून भाडं आणि शुल्क भरतात, रात्रपाळी करून सकाळी वर्गात पेंगतात. त्यांना काम दमवतं. हिला तेच काम भाषा शिकवू शकलं, कारण तिच्या पाठीशी शिष्यवृत्ती होती. हा फरक विसरून 'जपानला गेलास की पार्टटाइम कर, भाषा येईल' असा सल्ला कुणाला देऊ नये.

दुकानात तीन बायका, सगळ्यांत धाकटी छप्पन्न वर्षांची. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आणि ओकायामाची बोली सोडून प्रमाण जपानी बोलायची कुणाला सवयही नव्हती. पहिल्या दिवशी ती बटाटे सोलत होती. मागून एक जण उकळत्या तेलाची कढई घेऊन म्हणाली, 'मागून जातेय'. ही गप्प. ती बाई थबकली आणि ओरडली, "हेन्जी!" म्हणजे, उत्तर दे! तेल अंगावर सांडलं असतं. आजीने गोष्टीसाठी मागितलेला हुंकार इथे भाजण्यापासून वाचण्यासाठी मागितला जात होता. त्या दिवसापासून तिचं 'हाई' आपसूक निघायला लागलं.

शब्द पदार्थांबरोबर आले. रस्सा 'गुत्सुगुत्सु' करतो म्हणजे खदखदतो. कोरोक्के 'साकुसाकु' हवा, म्हणजे खुसखुशीत. आच किती, मीठ कधी, शेजारणीचा मुलगा टोकियोहून का आला नाही, नवऱ्याचा गुडघा. तीन बायका हाताने काम करत बोलतात तेव्हा कुणाचं वाक्य कुणीही पुरं करतं. जपानी बोलणं असंच चालतं, एकाने अर्धं टाकायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. वर्गात आम्ही पूर्ण वाक्यात उत्तर मागतो.

मग जूनमधला तो दिवस. पावसाळा सुरू झाला होता. दुकानाच्या मागच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. ती बाहेरून आली, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, रस्ता ओला होता. थोरल्या बाईंनी पावसाचं विचारलं, "आमे, फुऱ्योरु?" ही म्हणाली, "हाई." बाईंनी सायकलीवर टाकायचं प्लॅस्टिक आणि छत्री घेतली, दार उघडलं, आणि लख्ख उन्हात उभ्या राहून परत वळल्या. हसत म्हणाल्या, "हे 'फुऱ्योरु' नाही गं, हे 'फुत्तोरु'!"

प्रमाण जपानीत दोन्हींना एकच रूप चालून जातं, 'फुत्ते इरु'. ओकायामात आणि पश्चिम जपानच्या पुष्कळ बोलींत दोन वेगळी रूपं आहेत. 'फुऱ्योरु' म्हणजे आत्ता पडतोय. 'फुत्तोरु' म्हणजे पडून गेलाय, खूण मागे आहे. तिने कांद्याच्या हातांनी मला तिथूनच संदेश पाठवला, फक्त चार शब्द : "सेन्सेई, पडतोय आणि पडलाय!"

एन-२ पर्यंतच्या व्याकरणात 'ते इरु' या रूपाने तिला दोन वर्षं छळलं होतं. कधी चालू क्रिया, कधी झालेल्या क्रियेची अवस्था, नियम पाठ करायचे आणि अपवादही. ज्या बोलीला शहरातले लोक गावंढळ समजतात तिने तो गुंता एका वाक्यात सोडवून दिला, आणि तोही तिच्या मराठीशी जुळवून.

वर्षाच्या शेवटी तिला एक संशोधनपर लेख लिहायचा होता. तिने आधी ठरवलेला विषय होता चहासमारंभ. तो सोडून तिने ओकायामाच्या बोलीतली ही दोन रूपं आणि मराठीतलं 'करतोय' व 'केलंय' यांची तुलना लिहिली. उदाहरणं दुकानातली, त्या तिघींच्या परवानगीने टिपलेली, दोनशेच्या वर वाक्यं. मी तो लेख वाचला आहे. व्याकरणाच्या चुका आहेत, शेवटचा भाग घाईत उरकला आहे. पण इतकं स्वतःचं काही लिहिलेलं पदवीच्या विद्यार्थ्याकडून मला क्वचितच वाचायला मिळालं.

परत आल्यावर

सप्टेंबर २०२४ मध्ये ती परत आली. जुलैमध्ये तिने तिथेच एन-१ दिली होती. पास व्हायला १०० लागतात, तिला ९४ पडले. वाचनात मार खाल्ला. वर्षाच्या उत्तरार्धात तिने वाचन कमी केलं होतं, वेळ दुकानात आणि लेखात गेला होता. इथे तिला तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक वर्ष धाकट्या मुलांबरोबर बसावं लागलं. तिच्याबरोबरची दोन मुलं, जी पुण्यातच राहिली, त्याच वर्षी एन-१ झाली आणि एका कंपनीत भाषांतराला लागली. त्यांचा पगार ऐकून तिचे वडील काही दिवस बोलले नाहीत.

हे लपवण्यात अर्थ नाही. कागदावर तिचं वर्ष तोट्याचं दिसतं. जपानी येतं की नाही हे पुण्यातल्या कंपन्या प्रमाणपत्रावरून ठरवतात, आणि बोलण्याला त्या प्रमाणपत्रात जागाच नाही. तिकडचे विषय इथे न धरणं हा तर सरळ अन्याय आहे. वर्षभराचं काम, शिक्क्यांसह गुणपत्रक, तो लेख, हे सगळं शून्य मानायचं? त्यासाठी तिने अर्ज केला आहे, मीही पत्र दिलं आहे, अजून उत्तर नाही.

माझ्या वर्गात मी काही गोष्टी बदलल्या. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच दोघादोघांना समोरासमोर बसवते. एक जण मराठीत कालची हकीकत सांगतो, दुसरा जपानीत हुंकार देतो. मुलं आधी हसतात, तिसऱ्या दिवसापासून हुंकार जागेवर पडायला लागतात. ठसठस आणि चुरचुर परिशिष्टातून काढून तिसऱ्या धड्यात आणले. आणि जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांशी बोलताना 'आपोआप' हा शब्द वापरत नाही. मिनिटांची वही मात्र पहिल्या आठवड्यापासून ठेवायला सांगते.

मागच्या महिन्यात तिच्या आई भेटायला आल्या होत्या. तीही बरोबर होती. चहा घेता घेता आईंनी विचारलंच, "मॅडम, खरं सांगा, ते वर्ष वाया गेलं का हो?" मी काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. ओकायामाच्या थोरल्या बाई होत्या. ती उठून गॅलरीत गेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पलीकडून एकसारखं बोलणं चालू असावं, कारण इकडे आम्हाला ऐकू येत होतं ते एवढंच : "हाई... एए... हेऽऽ... होन्तो?... हं... एए, एए..."

आईंनी कप खाली ठेवला आणि कान देऊन ऐकत राहिल्या. "जपानी मला कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण आमच्या सासूबाई गोष्ट सांगायच्या ना, तेव्हा ही अश्शीच बसायची."